मरिया म्हणजे रिकामा लिफाफा नव्हे

पुण्यातल्या ख्रिस्ती व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मराठी संदेश फिरतो आहे. वडगाव शेरीच्या माझ्या मावशीकडेही तो कोणीतरी पाठवला आणि रोज संध्याकाळी न चुकता जपमाळ करणाऱ्या त्या माउलीने मला फोन करून विचारले, “आपण इतकी वर्षे पापच करत होतो का रे?” हा प्रश्न तिला पडला नसता, तर असल्या मजकुराला उत्तर देण्याच्या फंदात मी पडलो नसतो. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: मरियेला 431 साली एफेसच्या परिषदेत देवी बनवण्यात आले, कॅथलिक तिला येशूच्या बरोबरीची तारणकर्ती मानतात, ती बापाविना जन्मली असे पोपने 1854 साली जाहीर केले, जपमाळ ही व्यर्थ बडबड आहे, आणि देवाच्या तारणयोजनेत तिचे स्थान लिफाफ्याएवढेच, पत्र हाती आले की लिफाफा फेकून द्यायचा.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण गटावर सर्वाधिक टाळ्या त्यालाच पडल्या आहेत आणि सर्वाधिक नुकसानही तोच करतो. लिफाफ्याला कोणी काही विचारत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मात्र देवदूत नासरेथच्या एका मुलीपुढे देवाची योजना मांडतो, ती “हे कसे होईल?” असे विचारते आणि तिला उत्तर मिळते. त्याच अध्यायात थोडे आधी जखऱ्या याजकही प्रश्न विचारतो, पण तो अविश्वासाने विचारतो आणि मुका होतो. मरियेचा प्रश्न ऐकून घेतला जातो. “पाहा, मी प्रभूची दासी, आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो,” असे ती म्हणते आणि त्यानंतरच देवदूत निघून जातो, हा क्रम लूकने जपला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 च्या ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजाच्या आठव्या प्रकरणात नेमके हेच सांगितले आहे: देवपुत्राने देह धारण करण्यापूर्वी, आई होण्यासाठी निवडलेल्या त्या स्त्रीची संमती मिळावी अशी पित्याचीच इच्छा होती, आणि मरियेने केवळ निष्क्रियपणे नव्हे, तर मुक्त श्रद्धेने व आज्ञापालनाने तारणकार्याला साथ दिली. देवाने तिला निवडले आणि तिने होकार दिला, या दोन्ही बाबी एकत्रच धरल्या पाहिजेत; एक सोडली की तिची देवी होते, दुसरी सोडली की लिफाफा.

शिवाय पत्राचा कागद लिफाफ्यातून तयार होत नसतो. येशूचा देह मरियेपासूनच घडला होता. “स्त्रीपासून जन्मलेला” असे पौल गलतीकरांना लिहितो ते उगाच नव्हे. आणि तिला फेकून दिल्याची नोंद शुभवर्तमानात कुठे आहे? काना येथील लग्नात ती आहे, क्रूसाजवळ ती आहे, येशूच्या स्वर्गारोहणानंतर प्रेषितांबरोबर प्रार्थना करतानाही ती आहे. संदेशकर्त्याने येशूचे “देवाचे वचन ऐकून ते पाळणारे धन्य” हे वाक्य तिच्याविरुद्ध वापरले आहे. पण ते वचन तिच्याइतके कोणी ऐकले आणि पाळले, हे त्याने सांगावे.

‘सहतारणकर्ती’ म्हणजे येशूच्या जोडीने तारण करणारी. तिचा आरोप करणाऱ्याने ताज्या घडामोडी वाचलेल्या दिसत नाहीत. काही पोपांनी पूर्वी ही उपाधी वापरली होती, हे मान्य करावेच लागते. परंतु व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने पोप लिओ चौदावे यांच्या मान्यतेने नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात या उपाधीचा वापर अनुचित ठरवला आहे, कारण त्या उपाधीमुळे ख्रिस्ताचे एकमेव मध्यस्थपण झाकोळते.

एफेसचा वाद ख्रिस्ताविषयी होता. मरियेपासून जन्मलेला तो खरोखर देव आहे की नाही, हा प्रश्न होता. आहे, म्हणून ती देवमाता. ते शहर एके काळी अर्तमी देवीचे होते हे खरे, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. एपिफानियस या बिशपाने मरियेला पोळ्यांचा नैवेद्य दाखवणाऱ्या पंथाचा निषेध केला तो चौथ्या शतकात, म्हणजे या परिषदेच्या आधी. आणि हव्वेच्या आज्ञाभंगाची गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली, असे इरेनियस या बिशपाने दुसऱ्या शतकातच लिहून ठेवले होते.

1854 च्या घोषणेबद्दलचा मजकूर तर वाचवत नाही. नाना पेठेतल्या सिटी चर्चच्या नावातच जो ‘निष्कलंक गर्भसंभव’ आहे, त्याचा अर्थ एवढाच की आपल्या आईच्या उदरात मरियेचा गर्भ राहिला त्या क्षणापासून देवाने तिला मूळपापापासून, म्हणजे आदामापासून साऱ्या माणसांना वारशाने येणाऱ्या पापापासून राखले, आणि तेही ख्रिस्ताच्या पुण्याईने. तिला आईवडील होते. परंपरा त्यांना अन्ना आणि योवाकीम म्हणते. ख्रिस्ताच्या पुण्याईने राखले म्हणजे तिलाही तारणाऱ्याची गरज होतीच, आणि “माझा तारणारा देव” असे ती स्वतःच म्हणते. हा सिद्धांत उशिरा ठरला आणि थॉमस अक्वायनससारख्या धर्मपंडितालाही तो मान्य नव्हता, एवढे मात्र संदेशात नसतानाही सांगून टाकतो.

जपमाळेविषयी फार लिहीत नाही. तिच्यातल्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पहिला भाग देवदूताच्या आणि मरियेची नातलग अलीशिबा हिच्या तोंडचा आहे, तर दुसऱ्या भागात आम्हा पाप्यांसाठी प्रार्थना कर, अशी तिला विनंती आहे. देवीला कोणी दुसऱ्याकडे आपली रदबदली करायला सांगत नाही. एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे हीच बडबड असेल, तर गेथशेमाने बागेत येशूनेही तेच शब्द पुन्हा उच्चारून प्रार्थना केली होती.

राहता राहिले एक अर्धसत्य. सप्टेंबरात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या यात्रेत नवस फेडणाऱ्या गर्दीतल्या कित्येकांना, त्यांत आपले कॅथलिकही आले, मरिया आणि येशू यांच्यातले नाते विचारले तर धड सांगता येणार नाही. संदेशकर्त्याला तिथे देवीपूजा दिसली असेल, तर सगळा दोष त्याच्या डोळ्यांचा नाही. मरियेविषयी बोलताना अतिशयोक्ती आणि कोतेपणा हे दोन्ही टाळा, असे ‘लुमेन जेन्शियम’च्या त्याच प्रकरणाने प्रवचनकारांना बजावले आहे. कोतेपणा त्या संदेशात ओसंडतो आहे; अतिशयोक्तीचा हिशेब आपल्या फादरांनी आणि जपमाळेच्या गटांनी द्यायचा आहे.