गाडीत अबोला

माहीमच्या सिग्नलला डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. पिवळा म्हणजे सवडीने बघायचं, असा माझा जुना समज. शितलादेवीचं देऊळ येईपर्यंत आणखी चार लागले. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, आणि एक कसला होता ते अजून कळलेलं नाही. मग स्पीडचा काटा शून्यावर जाऊन पडला. बाहेर माहीम मागे सरकतंय आणि गाडीचं म्हणणं, आपण उभे आहोत. पाठोपाठ स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं. दादरच्या फुलबाजाराशी कशीबशी बाजूला घेतली आणि बंद केली. इथेच चुकलो. पुन्हा सुरू व्हायला तयारच नाही.

"तीन आठवडे सांगतेय, गाडीत कुबट वास येतो म्हणून," बायको म्हणाली.

"वासाचा आणि काट्याचा काय संबंध?"

हे वाक्य त्यानंतर मी पुष्कळदा ऐकलं आहे. तिच्या तोंडून, माझ्या आवाजात.

आमच्या वडिलांची फियाट होती. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, जन्म कुर्ल्याचा, पण घरात कायम 'फियाट'च. तिला बिघडणं ठाऊक होतं, पण बिघडण्यात एक सरळपणा होता. दिव्याची वायर बटणापासून निघायची ती दिव्यापाशीच थांबायची. एकदा डावीकडे वळलं की हॉर्न वाजायला लागला. वडिलांनी शिवाजी पार्कच्या कोपऱ्यावर बॉनेट उघडलं, हॉर्नची वायर उपटून खिशात टाकली आणि आम्ही मुकाट्याने घरी आलो. फ्यूज उडाला तर पानवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटातली चांदी मागून गुंडाळायचे. (हे करू नये. वायरिंग जळतं. वडिलांचंही एकदा जळलं.) पण गुन्हेगार कोण ते कळायचं. एक वायर, एक काम, एक आरोपी.

आताच्या गाडीत सगळेच साक्षीदार. टो करून नेलेल्या मोठ्या, काचेच्या, वातानुकूलित वर्कशॉपमध्ये मला कॉफी दिली आणि वीस पानांचा कागद दिला. प्रत्येक ओळीचा अर्थ एकच: अमक्याचा तमक्याशी संपर्क तुटला आहे. ब्रेकवाला म्हणतो, इंजिनाचा पत्ता नाही. स्टिअरिंग म्हणतं, ब्रेकवाला बोलत नाही. डॅशबोर्ड म्हणतो, मला कुणीच काही सांगत नाही. आमच्या घरी मुंजीच्या वर्षी असंच झालं होतं.

"पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, बदलावा लागेल. 48,000. लेबर वेगळं."

मी कॉफी अर्धी ठेवून उठलो.

परळला गल्लीत एक मामा आहेत. वडिलांच्या फियाटचं वायरिंग त्यांनीच केलेलं. मामांनी गाडी पाहिली, खिशातून टेस्टिंगचा बल्ब काढला, त्याचं टोक दाताने सोललं आणि डॅशखाली हात घातला.

"मामा, हात नका लावू!" आतून त्यांचा भाचा ओरडत आला. हातात लॅपटॉप, पायात स्लिपर. "बल्ब नका लावू, मॉड्यूल जाईल. हे कॅन आहे."

"कॅन? दुधाचा?"

"कंट्रोलर एरिया नेटवर्क."

मामांनी बल्ब खिशात ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मग गल्लीत स्टुलावर बसून त्या मुलाकडून मला जे ज्ञान मिळालं ते असं. गाड्यांत काचा, कुलुपं, ब्रेक, इंजिन सगळ्यांना आपापला छोटा कॉम्प्युटर आला. प्रत्येकाची प्रत्येकाशी वेगळी वायर ओढायची तर गाडी तांब्यानेच भरेल. म्हणून जर्मनीत बॉश कंपनीने 1983 साली डोकं लढवायला सुरुवात केली, 1986 मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ते जगाला दाखवलं, आणि 90च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत ते धावू लागलं. फक्त दोन वायरी, वेणीसारख्या एकमेकींत पिळलेल्या. सगळे त्याच दोन वायरींवर बोलतात आणि सगळे सगळं ऐकतात. गप्प असताना दोघींवर अडीच व्होल्ट. बोलायचं झालं की एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. बाहेरची खरखर आली तर दोघींवर सारखीच येते, आणि ऐकणारा फक्त दोघींतला फरक मोजतो. त्यामुळे खरखर आपोआप कटते.

"आणि दोघे एकदम बोलले तर?" मी विचारलं. आमच्या सोसायटीच्या सभेत मी अकरा वर्षं जातोय, हा प्रश्न मला मनापासून पडला होता.

"प्रत्येक मेसेजला नंबर असतो. ज्याचा नंबर लहान त्याचं आधी. दुसरा मध्येच ओळखतो आणि गप्प बसतो. पहिल्याचा मेसेज मोडत पण नाही."

एक अक्षर वाया न जाता! आमच्याकडे पाण्याच्या टाकीचा विषय 2019 पासून चाललाय, कारण गप्प बसणारं यंत्र अजून सभासद झालेलं नाही. शिवाय म्हणे, एखादा वारंवार चुकीचं बोलू लागला तर आतला मोजणीदार त्याच्या चुका मोजतो आणि ठरावीक आकड्यानंतर त्याला तोच वायरीवरून बाहेर काढतो. हे मी सेक्रेटरींना सांगणार आहे.

मुलाने बॅटरीची वायर काढली, स्टिअरिंगखालच्या सोळा खाचांच्या सॉकेटात मीटरची टोकं घातली. सहावी आणि चौदावी खाच, त्या दोन वायरी तिथेच येतात. "इथे 60 ओहम दिसायला पाहिजे. दोन्ही टोकांना 120-120 चे रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळे, असतात, दोन मिळून 60." मीटरवर 120.

"म्हणजे एक टोक तुटलंय," मामा म्हणाले. मुलाने मान वर केली. "समांतर जोडणी रे. आम्हालाही शाळेत होती."

यानंतर गाडीची आतडी बाहेर आली. डावीकडची सीट निघाली, मग मॅट, मग गालिचा. गालिचा उचलताच मामांनी नाकाला रुमाल लावला. खालचा स्पंज पिळला तर बादलीभर पाणी निघालं असतं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबलेली, आणि अख्खा सप्टेंबर ते पाणी रस्त्याऐवजी माझ्या बायकोच्या पायांखाली जात होतं. तिथेच, त्या डबक्यात, बोटाएवढा कनेक्टर. उघडला तर आत तांब्याच्या भांड्याला चढते तशी हिरवी पूड. एक पिन तर हातातच आली.

बायको काही बोलली नाही. नुसती वाकून बघत राहिली. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं.

पिन बदलली, नळीत तार घालून हवा मारली, गालिचा गल्लीतल्या दोरीवर वाळत गेला. मीटरवर 60. चावी फिरवली आणि दिवे एकेक करून विझले. 1,800 रुपये. मामांनी वेगळे काही घेतले नाहीत, फक्त मुलाच्या लॅपटॉपवरची धूळ बाहीने पुसली.

निघताना मुलगा म्हणाला, "काका, अजून एक गंमत. कॅनमध्ये मेसेज आला की ऐकणाऱ्याने लगेच पोच द्यायची असते. नुसतं एक टिंब. पोच मिळाली नाही तर बोलणारा तोच मेसेज परत पाठवतो. परत, परत, परत."

"किती वेळा?"

"कोणी पोच देईपर्यंत."

मागच्या सीटवरून खोकल्याचा आवाज आला.

"पोच म्हणजे त्याने ते काम केलं का?" मी घाईने विचारलं.

"छे. फक्त मेसेज धड पोचला एवढंच."

गालिचा वाळायला दोन दिवस लागणार होते, त्यामुळे पत्र्यावर पाय ठेवून आम्ही पार्ल्याला निघालो. सायन सोडलं तेव्हा बायको म्हणाली, "मागच्या चाकाकडून घर्र घर्र येतंय, ऐकतोयस का?"

"हो," मी ताबडतोब म्हणालो. "हो, ऐकलं."

"काय ऐकलंस?"