मेनूतले मानपान आणि शोधातला 'कर'

गृहनिर्माण संस्थेत संगणकावर पोट भरणारा एखादा सभासद सापडला, की पाण्याच्या पंपापासून संकेतस्थळापर्यंत विजेवर चालणाऱ्या सर्व गोष्टींचा तो जाणकार ठरतो. या न्यायाने आमच्या संस्थेच्या जुन्या संकेतस्थळाला वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवरचा सूचना-विभाग जोडण्याचे काम माझ्याकडे आले. जुन्या स्थळाचे प्रत्येक पान सुटे आणि हाताने लिहिलेले होते, त्यामुळे मेनूतले एक नाव बदलायचे तरी सगळी पाने उघडावी लागत. अध्यक्षांची सूचना स्पष्ट होती: "नवे करा, पण काही बदलू नका."

सांगायला हे काम सोपे आहे. जुन्या पानाचा माथा आणि तळ उचलून नव्या थीमच्या, म्हणजे स्थळाच्या दर्शनी साच्याच्या, फायलींत बसवायचा, जुनी स्टाइलशीट, म्हणजे रंग-आकार-मांडणीच्या नियमांची फाइल, जोडायची आणि मेनूच्या जागी वर्डप्रेसचा मेनू आणायचा. या प्रणालीत २०१० च्या ३.० आवृत्तीपासून मेनूतली नावे माऊसने ओढून वरखाली करता येतात, ही सोय मी कार्यकारिणीला मोठ्या उत्साहाने दाखवली आणि त्याच क्षणी सभेचे रूप पालटले. खजिनदारांना 'देखभाल शुल्क' पहिले हवे होते, सचिवांना 'इतिवृत्त', आणि अध्यक्षांना, स्वतःसाठी नव्हे तर पदाच्या प्रतिष्ठेसाठी, 'अध्यक्षांचे मनोगत'. लग्नपत्रिकेत कोणत्या काकांचे नाव आधी छापायचे यावर जितकी खलबते होतात, तितकी सहा शब्दांच्या त्या पट्टीवर झाली.

पट्टी ठरली, तेव्हा स्टाइलशीटने डोके वर काढले. मेनू आडवा दिसावा म्हणून तिच्यात 'सर्व याद्या आडव्या मांडा' असा सरसकट नियम होता, त्यामुळे नव्या सूचनेतले वाहनतळाचे नियमही एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. उपमेनू उघडला की तो प्रवेशद्वाराच्या छायाचित्रामागे जाऊन लपे. त्याला झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कुणाच्या पुढे दिसेल हे ठरवणारा आकडा, देऊन पुढे ओढावे लागले. शिवाय पट्टीची उंची इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली असल्याने वरचे रफार आणि अनुस्वार छाटले जात, आणि 'कार्यकारी मंडळ' हे 'कायकारी मडळ' होऊन बसे. एकाही पदाधिकाऱ्याच्या ते लक्षात आले नाही, आणि मीही उंची गुपचूप वाढवून टाकली.

खरी परीक्षा शोधपेटीने घेतली. पहिली अडचण अशी, की वर्डप्रेसचा शोध आपल्या विदागारात (डेटाबेसमध्ये) जे आहे तेवढेच पाहतो. जुनी सुटी पाने त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात. त्यातली कित्येक पाने युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत रुळण्याआधीच्या, फाँटमध्ये होती, म्हणजे डोळ्यांना 'सभा' दिसली तरी फाइलमध्ये साठवलेली असत ती रोमन अक्षरे. ती सगळी युनिकोडमध्ये आणून, तपासून आत घेतली. या कामाबद्दल कुणी आभार मानत नाही, कारण ते झाल्यावर पान आधी होते तसेच दिसते.

त्यानंतर एका ज्येष्ठ सभासदांनी 'पाणी' असे लिहून शोध घेतला आणि उत्तर आले, काहीही सापडले नाही. पाण्याचा टँकर, पाण्याची टाकी आणि पाण्यावरून झालेली भांडणे यांनी स्थळ भरून वाहत असताना ही स्थिती! हा शोध मराठी जाणत नाही, तो दिलेली अक्षरे लागोपाठ आली आहेत का, एवढेच पाहतो. 'पाण्याची' या रूपात 'पाणी' कुठे आहे? उलट खजिनदारांनी मालमत्ता करासंबंधीची सूचना काढण्यासाठी नुसते 'कर' लिहिले, तेव्हा संस्थेतले झाडून सारे जोगळेकर, शिरोडकर आणि चिपळूणकर हजर झाले आणि त्यांच्यामागून 'लवकरात लवकर भरणा करावा' असे म्हणणारी प्रत्येक सूचना आली. निकाल पाहून ते नाराज होण्याऐवजी विचारात पडले, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

आता मी प्रत्येक सूचनेखाली पाणी, पाण्याचा, टाकी, टँकर असे शब्द बारीक अक्षरांत लिहितो. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो. खजिनदारांनी मात्र कालच नवा प्रस्ताव आणला आहे: शोधून काहीच सापडले नाही, तर ती जागा रिकामी ठेवण्यापेक्षा तिथे थकबाकीदारांची यादी दाखवता येईल का? तांत्रिकदृष्ट्या हे सोपे आहे, पण अध्यक्षांचे शुल्क दोन तिमाह्या थकलेले असल्यामुळे मी अजून तसे कुणाला सांगितलेले नाही.