“बूच जितकं गच्च, तितका फेस”: हा मेसेज कृपा करून पुढं पाठवू नका

परवा रात्री साडेअकराला राजारामपुरीतून धाकट्या जावेचा फोन आला. “ताई, स्वयंपाकघरात बाटली फुटली. अजून पाच हायत मांडणीवर. काय करू?” कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण सकाळी खिडकीच्या गजाशी, पिठाच्या डब्यामागं आणि पुतण्याच्या शाळेच्या डब्यातसुद्धा काचा सापडल्या. सगळं एका मेसेजपायी. तो आमच्या भिशीच्या ग्रुपवर आलाय, मुलांच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर आलाय, माझ्या माहेरच्या ग्रुपवरही आलाय.

मेसेज थोडक्यात असा: कोल्ड्रिंक बंद करा, घरीच सफरचंदाचा सायडर करा. एक लिटर रस, १०० ग्रॅम साखर, चिमूटभर बेकरीचं यीस्ट, दालचिनी. एक दिवस झाकून ठेवा. मग सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत भरा आणि चवीसाठी दोन मोठे चमचे स्ट्रॉबेरी सिरप घाला. “बूच जितकं गच्च, तितका फेस.” आठ दिवस उबदार जागी ठेवा. नैसर्गिक आहे, दारू अजिबात नाही, मुलांना बिनधास्त द्या. आंबल्यावर जंतू मरतात. शिवाय हेच अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, वजन घटतं.

आधी बुचाचं बोलू, कारण जीव जाईल तो त्यानंच.

यीस्ट साखर खातं आणि तिचे दोन वाटे करतं. वजनानं जवळजवळ निम्मी दारू, निम्मा कार्बन डायऑक्साइड. भांडं उघडं असेल तर हा वायू उडून जातो. गच्च बुचाच्या बाटलीत तो जाणार कुठं? आतच साठतो आणि काचेला बाहेर रेटत राहतो. किती रेटतो, याचा हिशेब फ्रान्सातल्या शॅम्पेनवाल्यांनी, म्हणजे बाटलीतच फसफसणारी वाइन करणाऱ्यांनी, फार वर्षांपूर्वी करून ठेवलाय. तिथं बाटल्या फुटून तळघरंच्या तळघरं वाया जायची, कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत जायचे. १८३६ च्या सुमारास फ्रांस्वा नावाच्या एका फ्रेंच औषधविक्रेत्यानं साखर मोजून घालायची रीत बसवली, तेव्हा कुठं हे फुटणं आटोक्यात यायला लागलं. आजही शॅम्पेन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवताना लिटरमागं साधारण २४ ग्रॅम साखर घालतात आणि तेवढ्यानं आत सुमारे ६ वातावरणांचा दाब तयार होतो. म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या अडीचपटीहून जास्त. म्हणून तर ती रिकामी बाटलीच ८००-९०० ग्रॅम वजनाची असते.

आता मेसेजमधली साखर मोजा. सफरचंदाच्या एक लिटर रसात मुळातच १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. वरून १०० ग्रॅम. एका दिवसात त्यातली थोडीच आंबते, बाकीची बाटलीत जाते. २४ ग्रॅमला जिथं पाऊण-एक किलोची बाटली लागते, तिथं हे लोक शंभर-दीडशे ग्रॅम साखर सरबताच्या पातळ बाटलीत कोंडायला सांगतायत, तेही उबदार जागी, म्हणजे यीस्ट आणखी जोरात चालेल अशा ठिकाणी!

सिरपचं तर वेगळंच सांगायला हवं. समजा कुणी शहाण्यानं रस महिनाभर उघड्यावर पूर्ण आंबू दिला, साखर संपवली आणि मग बाटली भरली. तरी दोन मोठे चमचे महाबळेश्वरी सिरप म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम साखर, आणि बाटली पाऊण लिटरची. एकट्या सिरपनंच शॅम्पेनचा आकडा ओलांडला. ‘फ्लेवर’ म्हणून घातलेली गोड वस्तू यीस्टला जेवणच असते.

माझ्या माहेरी, मंगळवार पेठेत, गोटी सोड्याचा कारखाना होता. बाटली भरताना यंत्राला लोखंडी जाळी असायची आणि आम्हा पोरांना त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. तडा गेलेली बाटली अण्णा लगेच बाजूला काढायचे, ती परत कधी भरली जायची नाही. ती काच केवढी जाड होती! तीच माणसं आज त्या ग्रुपवर “मस्त रेसिपी” म्हणून अंगठे टाकतायत, याचं मला फार वाईट वाटतं.

“दारू अजिबात नाही.” हे धडधडीत खोटं आहे. लिटरमागं साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतो. २०० ग्रॅम पूर्ण आंबली तर ११-१२ टक्के, म्हणजे वाइनच. आठ दिवसांत सगळी आंबणार नाही, पण बिअरइतकी दारू सहज होईल. सकाळची नीरा झाडाखाली ठेवली की तिची ताडी होते, हे आपल्याकडं कुणाला माहीत नाही? आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या व्याख्येत अल्कोहोल असलेले सगळेच द्रव येतात. परवान्याशिवाय ते तयार करणं गुन्हा आहे. माझा नऊ वर्षांचा पुतण्या रोज संध्याकाळी यातला अर्धा पेला मागणार होता.

जाऊ म्हणाली, “पण ताई, इडलीचं पीठबी आंबतंयच की.” बरोबर आहे, आंबवणं वाईट नाही. पण इडलीच्या पिठात मुख्यतः आंबटपणा आणणारे जिवाणू काम करतात, आणि नंतर आपण ते वाफवतो. इथं पाकिटातलं यीस्ट साखरेत सोडलंय.

जंतू मरतात, यात अर्धं सत्य आहे. रस आंबट असतो, त्यात बरेच रोगजंतू वाढत नाहीत. वाढत नाहीत म्हणजे मरतातच असं नाही. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय हा रोगजंतू पसरला आणि एक मूल दगावलं.

व्हिनेगर सायडरपासूनच होतं, हेही खरं. पण त्यासाठी दारूचं आम्ल करणारे जिवाणू लागतात आणि त्यांना हवा लागते. गच्च बुचाखाली हवा कुठली?

फसफसणारंच हवं असेल तर सफरचंदाचा रस दालचिनी घालून उकळा, गाळा, गार करा आणि पिताना वर सोडा ओता. पोरांना तेवढंच पुरतं.

ज्यांच्या घरी अशा बाटल्या आत्ता उभ्या आहेत, त्यांनी त्या हातात घेऊन हलवू नका. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे, मुलं बाहेर. बाटलीवर आधी जाड गोधडी टाका, मग गोधडीसकट उचलून थेट फ्रीजच्या तळाला ठेवा. गारव्यानं यीस्ट मंदावतं आणि दाब उतरतो. दुसऱ्या दिवशी मोरीत, गोधडीखालीच, बूच अगदी थोडं थोडं सैल करा. आम्ही पाचही बाटल्या अशाच रिकाम्या केल्या. तिसरीचं बूच हातातून सुटून छताला लागलं.