2479 शिंगं विकली असती तर?

22 सप्टेंबरचा जागतिक गेंडा दिन जवळ आला की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा: "आसाम सरकारने 2021 मध्ये गेंड्याची 2479 शिंगं जाळून हजारो कोटींचा धूर केला. शिंग म्हणजे नुसते केस, कापलं तरी परत येतं. मेंढीची लोकर कातरतात तसं कापा, विका, त्या पैशात जंगल राखा. शिकार आपोआप थांबेल. ते जमत नसेल तर शिंगात विष भरा. जाळल्याने उलट भाव वाढतो." शिंगं जाळली हे खरं, आणि आकडाही बरोबर आहे. पुढचं एकेक वाक्य घेऊ.

"हजारो कोटींचा धूर"

शिंगाला किलोमागे 60,000 डॉलर हा आकडा 2012-13 च्या सुमारास बातम्यांत रुळला. नंतर भाव बरेच उतरले, पण आकडा तोच छापला जातो. चला, तोच धरू. डॉलरच्या 2021 च्या दराने किलोला साधारण 44 लाख रुपये होतात. भारतीय गेंड्याचं शिंग आफ्रिकेतल्या पांढऱ्या गेंड्याच्या पुढच्या शिंगापेक्षा बरंच लहान, बहुतेकदा किलोच्या आतलं. तरीही हात सैल सोडून प्रत्येक शिंग किलोभराचं मानलं तर 2479 गुणिले 44 लाख म्हणजे सुमारे 1090 कोटी. हजारो काही होत नाहीत, आणि हाही झाला चोरबाजारातला चढा भाव.

तो सरकारला देणार कोण? आपल्या वन्यजीव (संरक्षण) कायदा 1972 मध्ये गेंडा सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूची 1 मध्ये आहे. मेलेल्या गेंड्याचं शिंग सरकारी मालमत्ता ठरतं, पण त्याचा व्यापार कुणालाच करता येत नाही. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार गेंड्याच्या शिंगाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1977 पासून बंद आहे. चीनने 1993 मध्ये देशातली विक्रीही बंद केली आणि शिंग अधिकृत औषधसूचीतून काढून टाकलं. या मालाला जगाच्या बाजारात कायद्याने चालेल असं गिऱ्हाईकच नाही.

मेसेजमध्ये न येणारी गोष्ट म्हणजे जाळण्याआधी काय झालं. ही शिंगं 1979 पासून आसामच्या वेगवेगळ्या कोषागारांत साठत आली होती. काही शिकाऱ्यांकडून पकडलेली, पुष्कळशी नैसर्गिकरीत्या किंवा पुरात मेलेल्या गेंड्यांची. गेंडा मेला की वनरक्षकाला शिकाऱ्याच्या आधी मुडद्यापर्यंत पोचावं लागतं, पंचनामा करून शिंग काढावं लागतं आणि ते कोषागारात जमा करावं लागतं. 2021 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा सगळा साठा बाहेर काढून एकेक शिंग साफ केलं, मोजलं, तोललं, त्याला क्रमांक दिला आणि डीएनए तपासणीसाठी नमुना काढून ठेवला. एकूण 2623 नग निघाले. त्यातले 94 जतन करायला ठेवले, 29 कोर्टातल्या खटल्यांचा मुद्देमाल म्हणून राहिले आणि 21 चक्क नकली निघाले. उरलेली 2479 शिंगं काझीरंगाजवळच्या बोकाखात इथे जाळली. शिंग पालापाचोळ्यासारखं पेटत नाही. ते काजळतं, फुगतं, केस जळाल्याचा वास सोडतं आणि आतून तसंच राहतं. म्हणून उघड्या चितेऐवजी गॅसच्या सहा मोठ्या भट्ट्या लावाव्या लागल्या.

नमुने ठेवल्याचा एक उपयोग सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या गेंड्याला शिंग एकच असतं, म्हणजे एका डीएनएचं शिंगही एकच. उद्या कुठे पकडलेलं शिंग या 2479 पैकी एखाद्याशी जुळलं, तर जाळलेलं शिंग बाजारात कसं आलं हे नेमकं विचारता येईल. शिंगं साठवून ठेवली की त्यांना पहाराही जन्मभर लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात 2023 मध्ये सरकारी साठ्यातली 51 शिंगं चोरीला गेली.

"शिंग म्हणजे नुसते केस"

अर्धं खरं. केस, नखं, खूर आणि हे शिंग, सगळ्यांत केराटिन असतं. गाईच्या शिंगात आत हाड असतं, गेंड्याच्या शिंगात नसतं. ते नाकाच्या हाडावरच्या जाड त्वचेतून वाढतं. पण ती केसांची जुडी नव्हे. बारीक नळ्यांसारखे धागे केराटिनच्याच गच्च भरावात बसलेले असतात, आणि मधल्या गाभ्यात कॅल्शियम व मेलॅनिन जास्त असल्याने तो अधिक कठीण असतो. बाजू घासून झिजतात, गाभा टिकतो, म्हणून शिंगाला टोक येतं. हा गच्चपणा पुढे विषाच्या मुद्द्यात कामाला येईल.

"लोकर कातरतात तसं कापा"

शिंग कापणं हा खरा, वापरातला उपाय आहे. पण मेंढी धरून बसवता येते. दोन टनांच्या गेंड्याला आधी पाडावं लागतं.

दक्षिण आफ्रिकेत हे काम असं चालतं. हेलिकॉप्टरमधून पशुवैद्य डार्ट, म्हणजे गुंगीच्या औषधाची सुई, मारतो. त्यात एटॉर्फिन हे अफूवर्गातलं अतिशय जहाल औषध असतं. माणसाच्या बोटाला टोचलं तरी जिवावर बेतू शकतं. काही मिनिटांत जनावर अडखळून बसतं. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे. एटॉर्फिनने श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू उतरतो, म्हणून नाकपुडीत ऑक्सिजनची नळी घालतात. फार वेळ एका कुशीवर राहिलं तर स्वतःच्याच वजनाने पायाचे स्नायू दबून निकामी होतात, म्हणून त्याला नीट बसतं ठेवावं लागतं. उन्हं चढली असतील तर अंगावर पाणी. मग बुंध्यापासून 7 ते 10 सेंटिमीटर सोडून खूण करतात आणि साखळी करवतीने कापतात. त्याखाली गेलं तर जिवंत थर फाटून रक्त येतं आणि पुढचं शिंग वाकडं वाढतं. खाली ताडपत्री अंथरलेली असते, कारण उडालेल्या भुशालाही बाजारात किंमत आहे. शेवटी कानाच्या शिरेत उताऱ्याचं इंजेक्शन, आणि दोनेक मिनिटांत गेंडा उभा. तोवर माणसं गाडीत बसलेली बरी.

हे दीड-दोन वर्षांनी पुन्हा, कारण शिंग खरंच वाढतं. आता हाच हिशेब काझीरंगाला लावा. 2022 च्या गणनेत तिथे 2613 गेंडे होते. दर दीड वर्षाला प्रत्येकाचं शिंग कापायचं तर वर्षाला साधारण 1740 कापण्या. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा उद्यानभर पसरते; कामाचे दिवस फार तर 180. म्हणजे रोज नऊ-दहा गेंडे पाडायचे, तेही हत्ती बुडेल एवढ्या गवतात. तिथे डार्ट मारायला सहसा हत्तीवरूनच जावं लागतं. शिवाय डार्ट लागलेलं जनावर पाण्याकडे धावतं, आणि गुंगीतला गेंडा गुडघाभर पाण्यातही बुडून मरतो. आफ्रिकन गेंड्यांच्या मानाने आपल्या गेंड्याला शिंगाची गरज कमी. त्याची मारामारी खालच्या सुळ्यांसारख्या दातांनी चालते. त्यामुळे अडचण जीवशास्त्राची कमी आणि रोजच्या कामाची जास्त आहे.

मग कापल्याने शिकार थांबते का? कमी होते, आणि हे मान्य करायलाच हवं. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेटर क्रूगर भागातल्या अभयारण्यांचा 2017 ते 2023 चा अभ्यास 2025 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. जिथे शिंगं कापली तिथे शिकार सुमारे 78 टक्क्यांनी घटली, तीही संरक्षणाच्या एकूण खर्चाच्या जेमतेम 1.2 टक्क्यात. पण त्याच अभ्यासात शिंग कापलेले 111 गेंडे तरीही मारले गेले. बुंध्याला उरलेल्या खुंटालाही भाव आहे. झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शिंगं कापली, मग पैसे आटले आणि गस्त ढिली पडली. कापल्यापासून दीडेक वर्षात त्यातले बहुतेक गेंडे मारले गेले. कापणी चालते ती पहाऱ्याच्या जोडीला. पहारा काढून तिच्यावर भिस्त ठेवली की असं होतं. काळ्या गेंड्यांवर तिचा आणखी एक परिणाम दिसला. 2023 च्या एका अभ्यासात शिंग कापलेल्या गेंड्यांचा वावर जवळपास निम्म्या क्षेत्रापर्यंत आक्रसला आणि एकमेकांच्या गाठीभेटी 37 टक्क्यांनी घटल्या. मोजकी जनावरं उरली असतील तिथे नर-मादीची गाठच कमी पडणं परवडणारं नाही.

"विका, शिकार आपोआप थांबेल"

मेसेजचं हे काळीज. तर्क असा की माल भरपूर आला की भाव पडेल आणि शिकाऱ्याला परवडणार नाही.

आधी भरपूर म्हणजे किती ते पाहू. 2014 मध्ये एकट्या दक्षिण आफ्रिकेत 1215 गेंडे मारले गेले. आफ्रिकन गेंड्याला शिंगं दोन, म्हणजे 2430 शिंगं. आसामचा चाळीस वर्षांचा साठा म्हणजे तिथल्या एका वाईट वर्षाएवढा माल, तोही आकाराने लहान. हा बाजारात ओतून भाव वर्षभरही दबून राहिला नसता.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. शिंग एकदा दुकानात गेलं की ते कुठून आलं हे कोण सांगणार? अख्ख्या शिंगाची डीएनए तपासणी होते. पण माल जातो तो तुकडे, मणी, बांगड्या, वाट्या आणि पूड होऊन. दक्षिण आफ्रिकेतच शिंगाचे मणी आणि पूड करून पाठवणारे अड्डे 2017 मध्ये सापडले होते. व्हिएतनाममधल्या हनोईच्या दुकानदाराकडे सरकारी पावती आणि दहा मणी असले, तर ते दहा मणी त्या पावतीचेच हे ठरवायला दर वेळी प्रयोगशाळा लागेल. मग एका खऱ्या पावतीवर कितीही चोरीचा माल खपतो.

हस्तिदंताच्या बाबतीत हे करून पाहिलेलं आहे. 2008 मध्ये साइट्सच्या परवानगीने आफ्रिकेतल्या चार देशांनी सुमारे 100 टन दंत चीन आणि जपानला विकले. पुढच्या तीन-चार वर्षांत हत्तींची शिकार कमी होण्याऐवजी भडकली. विक्रीमुळेच भडकली का, यावर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहे. पण भाव पाडून शिकार थांबवण्याचं जे आश्वासन होतं, ते फळलं असं कुणी म्हणत नाही.

आणि गेंड्यांची शेती? तीही झाली. दक्षिण आफ्रिकेत जॉन ह्यूम यांनी सुमारे 2000 पांढरे गेंडे पाळून शिंगं कापून साठवली. तिथल्या संविधान न्यायालयाच्या निकालाने 2017 मध्ये देशांतर्गत विक्री खुली झाल्यावर त्यांनी 264 शिंगांचा ऑनलाइन लिलाव मांडला, पण प्रतिसाद थंड होता. देशाबाहेर नेता न येणारं शिंग घेऊन करायचं काय? एप्रिल 2023 मध्ये अख्खी शेतीच लिलावात काढली, तर एकही बोली आली नाही. शेवटी आफ्रिकन पार्क्स या संस्थेने गेंडे विकत घेतले, हळूहळू मोकळ्या जंगलात सोडण्यासाठी. पाळणं जमतं, पण पहाऱ्याचा खर्च दर महिन्याला उभा असतो.

"जाळल्याने भाव वाढतो"

भाव वाढायला बाजारातला माल कमी व्हावा लागतो. ही शिंगं चाळीस वर्षं कुलपात होती. ती बाजारात कधीच नव्हती. शिकारीचे आकडेही उलट बाजूला गेले. आसाममध्ये 2013 आणि 2014 मध्ये प्रत्येकी 27 गेंडे मारले गेले होते. शिंगं जाळल्यानंतरच्या वर्षी, 2022 मध्ये, एकही नाही. राज्य सरकारच्या म्हणण्यानुसार 1977 नंतर असं पहिल्यांदा झालं.

याचं श्रेय भट्टीला देणंही चूक. शिकारीचा उतार त्याआधीच सुरू झाला होता. 2009 च्या राज्य दुरुस्तीने शिक्षा किमान सात वर्षांची झाली. 2019 मध्ये खास गेंडा संरक्षण दल उभं राहिलं. चौक्या, रात्रीची गस्त, माग काढणारी कुत्री यांत पैसा आला, आणि कार्बी आंगलाँगच्या डोंगरांतून दिमापूर, मोरेह करत म्यानमारकडे जाणाऱ्या वाटेवरचे मधले दलाल पोलिसांनी धरले. शिकाऱ्याच्या टोळीत नेमबाज, वाट दाखवणारा स्थानिक आणि शिंग उचलणारा दलाल अशी माणसं असतात. नेमबाज बदलता येतो. गावातल्या माणसाने वाट दाखवायची बंद केली की टोळी उद्यानात शिरतच नाही.

"शिंगात विष भरा"

भोक पाडून रंग किंवा कीटकनाशक आत सोडून पाहिलं आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत द्रव शिंगभर पसरल्याचं आढळलं नाही. वर सांगितलेला गच्चपणा इथे आडवा येतो. औषध भोकाच्या आसपासच राहतं. आणि शिकारी विकतो तेव्हा आत काय आहे हे गिऱ्हाईक कुठे पाहतं? सध्या दक्षिण आफ्रिकेतलं विटवॉटर्सरँड विद्यापीठ शिंगात किरणोत्सारी कण बसवण्याचा प्रयोग करतंय. त्यात हेतू कुणाला मारण्याचा नाही. बंदरं आणि विमानतळांवर अणुसामग्री शोधणारी यंत्रं आधीच बसवलेली आहेत, ती वाजावीत एवढंच.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत शेवटी "चिनी लोक मर्दानगीसाठी खातात" असंही असतं. चिनी वैद्यकात शिंग ताप उतरवायला सांगितलेलं आहे आणि त्याऐवजी म्हशीचं शिंग वापरायची अधिकृत सोय आहे. व्हिएतनाममधली मागणी कर्करोगाच्या अफवेवर, दारूच्या उताऱ्यावर आणि साहेबाला द्यायच्या भेटीवर वाढली. त्याच व्हिएतनाममधला शेवटचा जावन गेंडा 2010 मध्ये कॅट टिएन उद्यानात मेलेला सापडला. पायात गोळी होती आणि शिंग कापून नेलेलं होतं.