माठातली बिअर

बिअरच्या बाबतीत माझं सगळं शिक्षण सांगलीच्या परमिट रूममध्ये झालं. आत काळोख. त्यामुळे ऑफिसातला माणूस शेजारच्या टेबलावर बसला असला तरी तो आपल्याला दिसला नाही आणि आपण त्याला दिसलो नाही, असं दोघांनाही शपथेवर सांगता येतं. वेटर "चिल्ड ना, साहेब?" एवढंच विचारतो, न मागता खारे शेंगदाणे ठेवतो आणि बाटली अशी आणतो की पहिल्या घोटाला दात शिवशिवावेत. बिअरला चव असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

लेकीकडे इंग्लंडात, यॉर्कशरला गेलो होतो. एका रविवारी जावई म्हणाले, "बाबा, जरा पाय मोकळे करून येऊ." सौ. समोर होती, म्हणून एवढंच म्हणाले. मेंढरांच्या कुरणांतून चिखल तुडवत तासभर चाललो आणि एका खेड्यातल्या दगडी पबात शिरलो. आत शेकोटी, फुलाफुलांचा गालिचा आणि खिडकीतून लख्ख ऊन. त्या उजेडात सासरा आणि जावई समोरासमोर! कुठे बघावं कळेना, म्हणून भिंतीवरचे घोड्याच्या साजाचे पितळी बिल्ले मोजले. एकवीस भरले.

"इथं रिअल एल घ्यायची," जावई म्हणाले. काउंटरमागच्या बाईंनी एक लांब दांडा धरून ओढायला सुरुवात केली. हापसाच तो! आमच्या गल्लीतल्या हापशाला पाणी येतं, इथं तळघरातल्या पिंपातून बिअर. ग्लास आला. एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर, रंग कोऱ्या चहाचा. एक घोट घेतला आणि हळूच विचारलं, "यांचा फ्रिज बिघडलाय का हो?"

मग व्याख्यान झालं. ही बिअर 11 ते 13 अंशांवरच द्यायची. पिंपात यीस्ट जिवंत असतं, तिथं ती पुन्हा आंबते, बुडबुडे तिचे तिलाच येतात. वरून गॅस सोडणं म्हणजे पाप. पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवायचं, नाहीतर ताकासारखी आंबट. 1971 मध्ये, कारखान्यांची गॅसवाली बिअर सगळीकडे पसरत असताना, चार मित्रांनी हिला वाचवायला 'कॅम्रा' नावाची संघटना काढली, ती अजून जोरात आहे. आपल्याकडे प्यायला कायद्यानं परवाना लागतो, इथं पिण्याची चळवळ होते. मी मनात सगळ्याचं भाषांतर केलं: माठातली बिअर. आणि खरं सांगतो, माठ म्हटल्यावर ती बऱ्यापैकी घशाखाली उतरायला लागली.

शेजारी जावयांच्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी होते, पायाशी कुत्रा. ते उठले आणि न विचारता तिघांसाठी घेऊन आले. म्हणजे पुढची पाळी माझी. जावई "मी आणतो" म्हणाले, पण तेवढ्यावर बसलो असतो तर सासरेपण तिथंच संपलं असतं.

काउंटरपाशी सात-आठ जण नुसते उभे. रांग नाही. रांग नाही म्हणजे आपलंच राज्य! मी नोट उंच धरली आणि सवयीनं "शुक शुक" केलं. अख्खा पब गप्प. फक्त कुत्रा उठून धावत आला. त्याला वाटलं, त्यालाच बोलावलं. जावयांनी कानात सांगितलं, की रांग आहे, पण ती दिसत नाही. कोण कुणानंतर आलं ते प्रत्येकाच्या डोक्यात असतं. रॉकेलच्या रांगेत दगड ठेवून नंबर लावलेला माणूस मी. पण दगड निदान दिसतो तरी! मग जो तो "यांना आधी द्या" म्हणू लागला. त्यापेक्षा कुणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खायला मी 'प्लाउमन्स लंच' मागवलं, म्हणजे नांगऱ्याचं जेवण: पाव, चीज, कांदा, लोणचं. लोणचं तपकिरी आणि चक्क गोड. शेतकरीबुवांना विचारलं, नांगरताना हेच खाता का? ते म्हणाले, हे नाव चीज विकणाऱ्यांनी गाजवलेलं. त्यांच्यापुढे वेफर्स होते.

"तुम्ही शाकाहारी?" त्यांनी माझ्या ग्लासकडे बघत विचारलं. "मग हे कसं चालतं?" पिंपातला गाळ खाली बसावा म्हणून बऱ्याच एलमध्ये माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात म्हणे. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाची तीच पिशवी सोन्याच्या भावानं जाते, हे मी पेपरात वाचलं होतं. पण ती यॉर्कशरला, त्यात संकष्टीला गाठेल असं वाटलं नव्हतं. दीड ग्लास आत गेला होता. बाईंकडे मासा न घातलेली एक होती. उसाच्या रसासारखी गढूळ. मी ती घेतली. प्रायश्चित्त म्हणून. पूर्ण पाइंट.

घरी पोचलो तेव्हा चंद्रोदयाची वेळ. जावई थेट जिन्याकडे सटकले.

"एवढं कुठं चालत होता?" सौ.नं विचारलं.

"डोंगरात."

तिनं माझ्या विजारीवरचा एक पांढरा केस दोन बोटांत उचलला. "कुत्रा कुणाचा?"

"एका शेतकऱ्याचा."

"आणि शेतकरी कुठं बसला होता?"