दर फुटाला एक पातेलं

आमच्या सांगलीत पावसाळ्यात भेटलेला माणूस "काय, बरं आहे ना?" असं विचारत नाही. "फूट किती?" असं विचारतो. कसले फूट, हे विचारणारा बाहेरगावचा. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फूट झाली की इशारा, ४५ झाली की धोका. मला सतराचा पाढा आजही नीट येत नाही, पण हे दोन आकडे झोपेतही चुकायचे नाहीत.

आमचं घर गावभागात, नदीपासून चार गल्ल्या अलीकडं. वर गच्ची. त्या गच्चीवरून पूर झकास दिसायचा. आई म्हणायची, "आमच्या वडिलांनी स्थळ बघताना नोकरी बघितली, पत्रिका बघितली, गच्ची तेवढी बघायची राहिली."

कारण नदी पस्तिशीला टेकली की पाहुणे सुरू. सूर्यवंशी प्लॉटातल्या लोकांची भांडीकुंडी हलवायची धांदल चाललेली असायची आणि विश्रामबागेतले, मिरजेतले आमचे आप्तेष्ट छत्र्या घेऊन पूर बघायला यायचे. हातात भाजलेली कणसं. ती खाऊन झाली की बुरखुंडं आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात. मग खाली येऊन "वहिनी, चहा अर्धाच हं." असा अर्धा-अर्धा चहा बाराजणांना. आईचा हिशेब सरळ होता: पस्तिशीच्या पुढं दर फुटाला एक पातेलं.

आणि पाणी? पूर आला की आमचे नळ बंद. उपसा करणारे पंपच पाण्याखाली गेल्यावर नळाला येणार काय! टँकर यायचा. त्याच्यापुढं घागरी घेऊन मी आणि आजी पावसात भिजत उभे. गल्लीच्या टोकाला अख्खी कृष्णा आलेली, आणि आम्ही दोन घागरींसाठी भांडतोय. एकदा बाबा आजीला समजावत होते, कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. आजीनं विचारलं, "त्याच्या घागरी किती होतात रे?" बाबांनी कागद-पेन्सिल घेतली, शून्यं लिहीत गेले आणि शेवटी कागद घडी करून खिशात ठेवला.

येणारा प्रत्येक पाहुणा त्या चार दिवसांपुरता पाटबंधारे खात्यातला असायचा. एक जण कोयनेचे सहाही दरवाजे किती फुटांनी उचललेत ते सांगायचा. दुसरा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला शिव्या द्यायचा. त्याला तिसरा खोडून काढायचा, की सगळा दोष वारणेचा, हरिपूरच्या संगमावर तीच कृष्णेला तटवते. यातलं एकही पाणी आमच्या बशीपलीकडं हलायचं नाही.

विश्रामबागचे काका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, यांचा विषय वेगळा. त्यांनी तरुणपणी भर पुरात आयर्विन पुलावरून उडी मारली होती. सांगलीत अशा उड्या मारणारी पोरं असतात, त्यामुळं पहिल्या वर्षी मी विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी त्यात मगर आली. त्याच्या पुढच्या वर्षी दोन मगरी. (कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळं तेही खोटं म्हणता येईना.) गोष्ट संपली की हे उडीबहाद्दर आमच्या तीन पायऱ्या कठडा धरून, आडवे होऊन उतरायचे.

बेचाळिसाला आई सामान वर चढवायला लागायची. गव्हाचे डबे, शिलाई मशीन, बाबांच्या विम्याच्या पावत्या, आजीच्या लोणच्याच्या बरण्या. शेगडी सगळ्यात शेवटी, कारण चहा. काका रिकाम्या कपातून निर्वाळा द्यायचे, "वहिनी, कशाला घाई? रात्रीत उतरतंय बघा." आणि खरंच उतरायचं! मग तेच सगळं परत खाली. चार-पाच वर्षं ही कवायत झाल्यावर बाबा म्हणाले, यंदा काही हलवायचं नाही.

ते साल २००५.

त्या वर्षी पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं. शिलाई मशीन गेली, गहू गेला. विम्याच्या पावत्या भिजून त्यांची एकच जाड पावती झाली. बरण्या तेवढ्या वाचल्या. आजीनं बाबांचं ऐकलं नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा बाबांनी दाराला कुलूप घातलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून, ओढून बघून.

मुक्काम अर्थातच विश्रामबागला, काकांच्या दुसऱ्या मजल्यावर. काकूंनी मायेनं सगळं केलं, त्यात बोट ठेवायला जागा नाही. फक्त पहिल्याच दिवशी आईनं चार वेळा चहा मागितला. आईला चहा आवडत नाही.

हरिपुरात हळदीच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरल्याची बातमी तिथंच कळली. आजी त्या दिवशी जेवली नाही. आमच्या गव्हाबद्दल मात्र तिनं एक शब्द काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाऊस थोडा थांबला. काकांना राहवेना. स्कूटरवर पुढं मी, मागं बाबा, असे आम्ही पूर बघायला निघालो. जिथं रस्ता संपून पाणी सुरू होत होतं तिथं गर्दी होती, कणसंवाला होता. काकांनी टाचा उंचावून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. समोर फक्त लोकांच्या छत्र्या.

"इथनं काय मजा नाही, दादा," काका हळहळले. "तुमच्या गच्चीवरनं बघायला पाहिजे होता."

बाबांनी खिशातून घराची किल्ली काढली आणि काहीही न बोलता त्यांच्या हातावर ठेवली.