गुडघा किती अंश वाकतो, एवढ्यावर आजींची अडचण मोजू नका

म्हाताऱ्या माणसांच्या आखडलेल्या सांध्यांबद्दल व्हॉट्सअॅपवर एक सल्ला फिरत असतो. वय झालं की सांधे आखडणारच. किती आखडले ते वाकण्याच्या अंशांवरून कळतं. रोज जोर लावून ओढले की सुटतात. आणि जो अंथरुणालाच खिळलाय त्याला याचा फारसा त्रास नसतो. हे चारही मुद्दे चुकीचे आहेत. दुसरा तर सर्वांत चुकीचा, कारण कुटुंबाची सगळी धडपड त्याच्यामुळे भलत्या दिशेला जाते.

आधी वयाचं. वयाबरोबर सांधे थोडे ताठ होतात हे खरं, पण गुडघा वाकलेलाच राहून जातो तो मुख्यतः न हलवल्यामुळे. पक्षाघात, खुब्याचं हाड मोडणं, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, यांपैकी काही झालं की माणूस पडून राहतो. स्नायू आखूड अवस्थेत राहिला की त्याची लांबीच कमी होत जाते आणि सांध्याभोवतीचं आवरण घट्ट होतं. रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके 1947 सालीच लिहून ठेवले होते. तरी आपल्याकडे आराम मिळावा म्हणून गुडघ्याखाली उशी दिली जाते आणि ती दिवसरात्र तिथेच राहते. ती उशी काढा.

आता अंशांचं. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागतं. खुर्चीतून उठायला साधारण नव्वद लागतात. उकिडवं बसायला किंवा मांडी घालायला त्याहून बरेच जास्त. म्हणजे पंचाण्णव अंश वाकणारा गुडघा घेऊन कमोड आणि खुर्ची असलेल्या फ्लॅटमध्ये आजोबांचं निभावतं. तोच गुडघा घेऊन ते गावी गेले, की सकाळी संडासलाच अडतात, भजनाला सतरंजीवर बसता येत नाही आणि हळूहळू भजनालाच जाणं सोडतात. आकडा एकच, पण एका घरात माणूस मोकळा आणि दुसऱ्या घरात अडकलेला. हाताचंही तसंच. कोपर पूर्ण सरळ झालं नाही तरी बरीच कामं होतात. पण खांदा बाहेरच्या बाजूला फिरेनासा झाला की अंबाडा घालता येत नाही, ब्लाउजच्या बाहीत हात जात नाही. शिवाय कोनमापकाने दोघांनी मोजलं तर पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे 'तीन अंश सुधारणा' ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

माणसाची अडचण कशी समजून घ्यायची याची जी चौकट जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये मांडली तिच्यात शरीराचं कार्य, रोजच्या क्रिया आणि जगण्यातला सहभाग असे वेगळे स्तर आहेत. त्याच आधारावर जर्मनीतल्या संशोधकांनी सांधे आखडलेल्या वृद्धांसाठी 'पाआर्टिक्युलर' ही मोजपट्टी बनवली. काय विचारायचं हे ठरवताना त्यांनी अशा वृद्धांशीच बोलून घेतलं, आणि क्रिया व सहभाग यांचं मोजमाप वेगवेगळं ठेवलं. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. रोजची कामं किती जमतात हे मोजणारा, 1965 पासून वापरात असलेला बार्थेल निर्देशांक जेवण, आंघोळ, जिना यांबद्दल विचारतो आणि तो उपयोगीही आहे. पण आजी लग्नकार्याला जातात का, शेजारी बसायला जातात का, हे त्यात कुठेच येत नाही.

ओढण्याबद्दल तर ठोस पुरावा आहे. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात 49 अभ्यास आणि 2135 माणसं होती. काही महिने सांधे नियमित ओढून ताणल्याने सांध्याच्या हालचालीत लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नाही. म्हणून हलवणं सोडायचं असं मुळीच नाही. कूस बदलणं, बसवणं, उभं करणं, जमेल ते काम त्यांचं त्यांना करू देणं, हे चालूच ठेवायचं. पण ठिसूळ हाडांच्या माणसाचा पाय जोर लावून सरळ करू नका, हाड मोडू शकतं. पक्षाघात झालेल्याला दंडाला धरून उचलू नका, खांदा दुखावतो.

आणि खिळलेल्या माणसाला त्रास नसतो? पक्षाघातानंतर घट्ट मिटलेली मूठ एकदा हळूच उघडून बघा. तळहात ओला, कातडी पांढरी पडलेली, नखं रुतलेली, वास येणारा. मांड्या एकमेकींना घट्ट चिकटल्या की डायपर बदलताना रुग्णालाही कळ लागते आणि बदलणाऱ्या सुनेचाही जीव मेटाकुटीला येतो. पाय कायम दुमडलेले राहिले की खुब्यावर, टाचेवर जखमा होतात, आणि चाकाच्या खुर्चीत बसवणंही अवघड होतं. बोलता न येणारी माणसंही दुखलं की कपाळाला आठ्या घालतात, हात झटकतात. इथे मोजायचं ते हे: मूठ धुता येते का, कपडे बदलताना चेहरा आक्रसतो का, किती जण लागतात.

फिजिओथेरपिस्ट घरी आले की अंश जरूर विचारा. पण त्याआधी आजींना विचारा, कुठलं काम त्यांना परत स्वतःच्या हाताने करायचंय. वेणी, देवपूजा, अंगणापर्यंत जाणं, काहीही असेल. ते आज किती मदतीने होतं ते तारीख घालून वहीत लिहा, आणि महिन्याभराने तेच काम पुन्हा करून बघा.